घरपोच औषध आणि वैद्याची देखरेख

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. औषध रुग्णाच्या हाती देणे, ते केव्हा, किती आणि कशाबरोबर घ्यावयाचे हे सांभाळणे, आणि काही विपरीत दिसल्यास वैद्यास कळविणे हे परिचारकाचे काम. गेल्या काही वर्षांत या चौघांमध्ये एक पाचवा येऊन उभा राहिला आहे. तो खोके दारात ठेवतो, सही घेतो आणि निघून जातो. खोक्यात काय आहे हे त्यास ठाऊक नसते व ते ठाऊक असावे अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत ही पद्धत अपरिहार्य झाली. साथ ओसरली, पद्धत मात्र राहिली. आमच्या मते ती राहणारच, कारण दूरगावच्या, वयोवृद्ध व अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची तिने खरोखरच सोय केली आहे. तेव्हा औषध घरपोच द्यावे की न द्यावे, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. दारात पोचलेल्या औषधावर देखरेख कोणाची, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे. कायदा व प्रत्यक्ष व्यवहार दोन्ही पाहता, आयुर्वेदीय औषधांच्या या शेवटच्या टप्प्यावर वैद्याखेरीज दुसरा कोणीही उभा नाही, असे आमचे मत झाले आहे.

कायद्याचा हात कोठवर पोचतो

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० सालचा. त्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. या प्रकरणाचा सर्व भर निर्मात्यावर आहे. औषध तयार करण्यास परवाना लागतो. २००० सालापासून अनुसूची 'टी' प्रमाणे कारखान्याची जागा, यंत्रसामग्री, कच्च्या द्रव्यांची तपासणी, नोंदी यांचे बंधन आले. नियम १६१ प्रमाणे लेबलावर घटकद्रव्ये, ग्रंथाधार, निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व निर्मितीची तारीख छापावी लागते. पुढे नियम १६१-ब अन्वये वापराची मुदत छापणेही आवश्यक झाले.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु औषध कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले की चित्र बदलते. आधुनिक औषधे किरकोळीने विकण्यास परवाना लागतो आणि दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा लागतो. केंद्र शासनाने २६ मार्च २०२० रोजी औषधे घरपोच देण्याची मुभा दिली, तीही अशा परवानाधारक विक्रेत्यांनाच. आयुर्वेदीय औषधाच्या विक्रीस मात्र या अधिनियमाखाली परवानाच लागत नाही. हिंग्वाष्टक किंवा त्रिफळा चूर्ण किराणा दुकानात मिळते ते या सवलतीमुळे, आणि त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. अडचण एवढीच की हिंग्वाष्टकास जी मोकळीक आहे तीच त्रिभुवनकीर्तीसही आहे. गोदाम कोणाचे, खोके कोणी भरले, एका कंपनीचे औषध संपले म्हणून दुसरीचे कोणी घातले, याचे उत्तर देण्यास बांधलेली परवानाधारक व्यक्ती या साखळीत नाही.

याला एक अंशतः अपवाद आहे. अधिनियमाखालील नियमांच्या अनुसूची 'ई(१)' मध्ये विषद्रव्यांची यादी आहे. वत्सनाभ, कुचला, धत्तूर, जयपाल, भल्लातक, गुंजा, अहिफेन, भांग ही वनस्पतिज द्रव्ये तीत आहेत आणि पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला, रसकापूर, तुत्थ ही खनिजेही आहेत. यांपैकी एखादे द्रव्य असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या लेबलावर, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत ठळकपणे छापावी लागते. (महाराष्ट्रातील खेड्यात राहणाऱ्या आजीबाईंना या दोहोंतील कोणती भाषा सुखाने वाचता येते, हा विचार नियम करणाऱ्यांना सुचला नसावा.) २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इंटरनेटवरून विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचनापत्र काढले. त्यानुसार 'ई(१)' द्रव्ये असलेले औषध, नोंदणीकृत आयुर्वेद, सिद्ध वा युनानी चिकित्सकाची वैध चिठ्ठी ग्राहकाने सादर केल्यावरच विकावे, असे ठरले.

सूचना योग्यच आहे. पण तिची सारी भिस्त चिठ्ठीवर आहे, आणि चिठ्ठी लिहितो वैद्य. तिच्यावर किती दिवसांचे औषध हे लिहिले नसेल, तर तीच चिठ्ठी रुग्ण वर्षभर पुनःपुन्हा दाखवू शकतो. तिच्यावर कल्पाचे अर्धेच नाव असेल, तर खोके भरणारा आपल्या समजुतीने उरलेले पुरे करतो. म्हणजे ज्या कुलुपावर शासनाने विश्वास टाकला त्याची किल्ली पुन्हा आपल्याच खिशात आहे.

नामसाम्य आणि गोळीचे वजन

अर्ध्या नावाने काय घडू शकते हे सूतशेखराच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. महाराष्ट्रात 'पित्तावरची गोळी' म्हणून सूतशेखराचे नाव घरोघर ठाऊक आहे. लघुसूतशेखरात सुंठ व सोनगेरू असून त्यास नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना असते. सूतशेखर रसात मात्र पारद-गंधक, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धत्तूरबीज आहे. दोन्ही अम्लपित्तावरच वापरतात, दोन्हींचा रंग-आकार सामान्य माणसास वेगळा वाटत नाही, आणि बाजारात पुन्हा 'साधा' व 'सुवर्णयुक्त' असे भेद आहेतच. दवाखान्यात वैद्य स्वतः डबी उघडून गोळ्या मोजतो तेव्हा हा गोंधळ सहसा होत नाही. फोनवर "सूतशेखर घ्या, दोन-दोन" असे सांगितले आणि रुग्णाच्या मुलाने रात्री मोबाइलवरून मागविले, तर काय येईल हे यादीत वर कोणते नाव दिसले यावर ठरते. गर्भिणीच्या किंवा हृद्रोग्याच्या बाबतीत या दोहोंतील अंतर क्षुल्लक नाही.

'दोन-दोन' या शब्दांतही धोका आहे. एकाच कल्पाच्या गोळ्या निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या वजनाच्या करतात. आरोग्यवर्धिनी कोठे २५० मिलिग्रॅमची, तर कोठे ५०० मिलिग्रॅमची मिळते. दवाखान्यात नेहमी एकाच कंपनीचे औषध असते, म्हणून गोळ्यांच्या संख्येत मात्रा सांगण्याची आपणांस सवय झाली आहे. घरपोच व्यवहारात कंपनी बदलते आणि वैद्याच्या नकळत मात्रा दुप्पट होते. रसकल्पाची मात्रा गुंजेत ठरविणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांनी ती गोळ्यांच्या संख्येवर सोडावी, हे आम्हांस विचित्र वाटते.

आपली औषधे 'निरुपद्रवी' असल्याने एवढा काथ्याकूट कशाला, असा आक्षेप सभांमधून अजूनही ऐकू येतो. चरकाचार्यांनी तर नेमके उलट सांगितले आहे : नीट न जाणलेले औषध विष, शस्त्र व अग्नी यांसारखे घातक होते, आणि युक्तीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध ठरते. ही युक्ती वैद्यापाशी असते, खोक्यात नसते.

परदेशांतील अनुभवही येथे लक्षात घ्यावा. अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष तेथील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. रसकल्पांत धातू असणारच, असे उत्तर तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी दिले. ते अपुरे होते, कारण रसकल्प नसलेल्या उत्पादनांतही हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. त्या उत्पादनांत धातू शास्त्रोक्त संस्काराने आले नव्हते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवती स्त्रियांना शिसेबाधा झाल्याचे आढळले. त्यांनी भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेतली होती.

वैद्याने स्वतः पाठविलेली पुडी

कंपन्यांच्या व्यवहाराविषयी लिहिणे सोपे आहे. अवघड भाग आपल्या स्वतःच्या टेबलावरचा आहे. अधिनियमाच्या कलम ३३-ईईसी मध्ये एक परंतुक आहे : स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी औषध तयार करणाऱ्या वैद्य-हकिमांना त्या कलमाचे निर्बंध लागू होत नाहीत. परंपरेने चालत आलेल्या वैद्यकीस कायद्याने दिलेला हा मान आहे. या परंतुकावरच आपल्या पुड्या, काढे आणि घरी सिद्ध केलेली तेले उभी आहेत.

'स्वतःचा रुग्ण' कोणास म्हणावे, याची व्याख्या अधिनियमात नाही. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठ विचारला तो निःसंशय आपला रुग्ण. परंतु ज्यास दीड वर्षापूर्वी एकदा पाहिले आणि जो दर महिन्यास फोन करून "डॉक्टर, गुण आहे, मागचंच औषध पाठवून द्या" असे सांगतो, तो? आणि त्याच पुड्या ज्यास गुडघेदुखीवर चांगल्या म्हणून तो वाटून देतो, तो त्याचा मेहुणा? पहिल्यास आम्ही आपला रुग्ण मानू, मात्र ठरावीक काळाने पुन्हा पाहण्याच्या अटीवर. २०२० साली तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केल्यापासून दूरध्वनी व चित्रफितीद्वारे विचारपूस करण्यास अधिष्ठान मिळाले आहे. त्याचा उपयोग करावा. 'मागचंच औषध' या मागणीस, निदान रसकल्पांच्या बाबतीत, प्रश्न विचारल्याविना होकार देऊ नये. भूक, मल, निद्रा कशी आहे, नवे कोणते आधुनिक औषध सुरू झाले, मूत्राच्या वा यकृताच्या तपासण्या केव्हा झाल्या, एवढे विचारण्यास पाच मिनिटे लागतात. मेहुण्यास मात्र औषध पाठवू नये.

पुडीवर औषधाचे नाव न लिहिण्याची प्रथा आता सोडावी, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. तिच्यामागील कारण सर्वांस ठाऊक आहे : नाव कळले की रुग्ण परस्पर दुकानातून आणील व पुन्हा येणार नाही. ही भीती व्यवहारी आहे, खोटी नाही. पण दुसरी बाजू पाहावी. रात्री अकराला रुग्णाचे ओठ व जीभ बधिर होतात, हातापायांस मुंग्या येतात, नाडी मंद व अनियमित होते, आणि घरचे त्यास तालुक्याच्या रुग्णालयात नेतात. तेथील डॉक्टरांसमोर पांढऱ्या कागदाच्या पाच पुड्या ठेवल्या जातात. वत्सनाभाचे नाव कागदावर असेल तर त्यांना दिशा मिळते. नसेल तर ते अंधारात चाचपडतात, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात साऱ्या आयुर्वेदाचे नाव येते. जी गोष्ट वत्सनाभाची, तीच कुचल्याची. मान व जबडा ताठरून आचके येऊ लागल्यावर वैद्यास फोन लागेपर्यंत थांबता येत नाही.

बिननावाच्या पुडीचा आणखी एक तोटा आहे. दमा, संधिवात, त्वग्रोग यांवरील अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात वारंवार आल्या आहेत. असे औषध टपालाने नियमित येते तोवर रुग्णास बरे वाटते. पार्सल एकदा चुकले की अंगातील त्राण जाते, रक्तदाब उतरतो, कधी प्राणावर बेतते. असले कृत्य करणाऱ्यांशी आपला काही संबंध नाही हे खरे. पण नाव नसलेली आपली पुडी आणि नाव नसलेली त्यांची पुडी दारात पडल्यावर सारखीच दिसतात.

परदेशी पाठवावयाच्या पार्सलांबद्दल थोडक्यात. जातिफलादि चूर्णात भांग आहे, कामिनीविद्रावण रसात अहिफेन आहे. आखाती देशांत नोकरीस असलेल्या रुग्णाच्या नावे असे पार्सल सापडल्यास फौजदारी कारवाई त्याच्यावर होते, पाठविणाऱ्यावर नव्हे. अशा रुग्णास दुसरा कल्प योजावा.

वाटेतील भेषजागार

औषधसंग्रह सर्व ऋतूंत धूर, पाऊस, वारा व ओल यांपासून सुरक्षित जागी असावा, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. आजच्या औषधाचे निम्मे भेषजागार म्हणजे कुरिअरची गाडी आणि तिचे गोदाम. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे जाणाऱ्या खोक्यात गुग्गुळकल्पाच्या गोळ्या मऊ होऊन एकमेकींस चिकटतात आणि पाच गोळ्यांचा एक गोळा होतो. रुग्ण तो नखाने तोडून घेतो व मात्रेचा प्रश्न तेथेच संपतो. घृत पातळ होऊन झाकणातून झिरपते. आषाढात कोकणात पोचणारे लवणभास्कर ओल धरते, आणि यवक्षारासारखे क्षार तर पाणीच सोडतात. आसवारिष्टांची बाटली काठोकाठ भरून पाठविल्यास उष्णतेने बूच सुटण्याचा संभव असतो.

लेबलावरील मुदतीबद्दलही रुग्णाचा गैरसमज होतो. ती मुदत कारखान्यातील बंद डबीची आहे. डबी फोडून कागदाच्या पुड्या बांधल्यावर तिचा आधार उरत नाही. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी आणि गुटी व लेहाचे वर्षभराने उणावते असे म्हटले आहे. आसव, धातू व रस मात्र जुने होतील तसे गुणवान ठरतात. कागदाच्या पुडीस आजही दोन महिन्यांची मर्यादा मानावी, पावसाळ्यात त्याहून कमी. एका खेपेस सहा महिन्यांच्या पुड्या पाठविणे हे टपालखर्च वाचविण्यासाठी औषध घालविणे होय. चूर्ण कागदाऐवजी घट्ट झाकणाच्या डबीत, मोजमापाच्या चमच्यासह पाठवावे. रसकल्प सुटे चूर्ण म्हणून पाठवूच नयेत. मात्रा बांधून, प्रत्येक पुडीत वा कॅप्सूलमध्ये एकच, असे द्यावेत. घरात लहान मूल असल्यास ते कुलुपात ठेवण्याची सूचना स्वतंत्र लिहावी, कारण रंगीत गोळी व गोड अवलेह यांचे मुलांस आकर्षण असते.

पार्सलातील चिठ्ठी व जावक वही

प्रत्येक पार्सलात मराठीत, सुवाच्य व मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी असावी. हिंदी वा गुजराती रुग्ण असल्यास त्याच्या भाषेत. रुग्णाचे नाव व वय, प्रत्येक कल्पाचे पूर्ण नाव, मात्रा मिलिग्रॅममध्ये व गोळ्यांच्या संख्येत, औषधकाल, अनुपान, किती दिवस घ्यावयाचे ती तारीख, आणि कोणती लक्षणे दिसताच औषध थांबवावे हे तीत यावे. 'मधातून' एवढेच लिहू नये. मधुमेही रुग्णास काय, हेही लिहावे. 'ई(१)' द्रव्य असल्यास त्या कल्पाच्या नावाखाली लाल रेघ ओढावी. पुडीवर निदान चिठ्ठीतील अनुक्रमांक असावा. घरी जो कोणी औषध देतो त्याचे नाव विचारून घ्यावे, व औषध पोचल्यावर त्याच्याशीच बोलून चिठ्ठी वाचवून घ्यावी. परिचारक नावाचा पाद आजही घरात आहे. आपण त्यास हाक मारणे सोडून दिले आहे.

दवाखान्यात एक जावक वही ठेवावी. पार्सल कोणास, कोणत्या तारखेस, त्यात कोणता कल्प, कोणत्या कंपनीचा, कोणत्या बॅचचा, एवढी एक ओळ पुरे. स्वतः सिद्ध केलेल्या औषधासही आपला घाणा-क्रमांक द्यावा. एखाद्या बॅचबद्दल तक्रार निघाली किंवा अन्न व औषध प्रशासनाने ती परत मागविली, तर ती कोणाकोणाच्या घरी आहे हे या वहीखेरीज कोठेही सापडणार नाही. परवानाधारक विक्रेता साखळीत नसल्याचा अर्थ व्यवहारात हाच आहे.

उपद्रवांची नोंद ही या वहीची पुढची पायरी. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी औषधदक्षता कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला. आता दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र असून तिच्याखाली मध्यवर्ती व परिघीय केंद्रे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात आयुष मंत्रालयाने 'आयुष सुरक्षा' हे संकेतस्थळही सुरू केले. उपद्रव कळविणे म्हणजे आपल्या शास्त्राविरुद्ध साक्ष देणे, अशी भावना काही ज्येष्ठ वैद्यांत आहे. आम्हांस ती पटत नाही. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हा मंत्रालयाने गुडूची व तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती यांतील फरकाकडे लक्ष वेधले. हा प्रश्न शास्त्रीय होता. पण घरोघरी घेतलेली ती वेल नेमकी कोणती, किती दिवस आणि किती मात्रेत घेतली, याच्या नोंदी वैद्यांच्या वह्यांत असत्या तर आपली बाजू निवेदनांऐवजी आकड्यांनी मांडता आली असती.

उपद्रव कळविताना 'संशयित' एवढेच म्हणावयाचे असते. औषधच कारण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळविणाऱ्यावर नाही. रुग्णाचे नावही उघड होत नाही. औषध, निर्माता, बॅच, मात्रा, सुरुवातीची तारीख, लक्षणे, बरोबर चालू असलेली इतर औषधे एवढी माहिती हाताशी असावी. यांपैकी पहिल्या पाच बाबी जावक वही व चिठ्ठीची दुय्यम प्रत यांतून मिळतात, उरलेल्या दोन केसपेपरवरून. लेबलासह उरलेले औषध मात्र रुग्णाकडून लगेच मागवून घ्यावे व बंद डबीत ठेवावे, कारण तपासणीस द्यावयाचा नमुना तोच असतो आणि घरचे लोक घाबरून तो पहिल्याच दिवशी फेकून देतात.